दिवसा काढलेली रात्र

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

कल्याणचा सिनेमा पाहिला. परतूरच्या माझ्या खोलीत, लॅपटॉपवर, पडदे ओढून. नाव 'हवालदाराची रात्र'. कल्याण माझा जुना विद्यार्थी, बी.ए.ला शेवटच्या बाकावर बसायचा. आज शेजारी बसून सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. शेवटी त्याला चहा करायला पाठवलं.

गोष्ट सरळ आहे. आष्टीच्या शिवारात मोसंबीचा एक व्यापारी मरून पडतो. गावातला निवृत्त हवालदार शोध घेतो. खुनी कोण, तर बागेचा जागल्या — रात्री राखण करणारा गडी. काळा, गप्प, विडी ओढणारा. पहिल्याच दृश्यात कळतं, अडकवायचा तो हाच.

संपल्यावर कल्याण म्हणाला, "मॅडम, खरंखरं सांगा."

"लिहून देते. तोंडी नको."

"साप्ताहिकात द्या ना. आपल्या भागातला पहिलाच क्राइम सिनेमा हाय. जरा कौतुकानं —"

या 'जरा कौतुकानं'ची मला चीड आहे. आपल्या भागातली म्हणून कविता चांगली, आपल्या भागातला म्हणून वक्ता चांगला. आपला भाग म्हणजे काय अंथरुणाला खिळलेला माणूस आहे? भेटायला येईल त्यानं 'आता बरं दिसतंय' म्हणायचं आणि निघायचं?

सोमवार, ११ नोव्हेंबर

परीक्षणाची टिपणं. जमेचं आधी.

आवाज. पंपाचा स्टार्टर, पत्र्यावरून पळणारी खार, बाजेची करकर. गाणं नाही. मारामारी नाही. पैसे नव्हते म्हणून नट नाहीत, आणि नट नाहीत म्हणून अभिनय नाही. कल्याणला ही अडचण वाटते. ती शिस्त आहे.

आणि हवालदार. ते काम बद्रीनाथनं केलंय — कल्याणचा चुलता. पैसा त्याचा, बाग त्याची, बागेतला आखाडा, म्हणजे राखणीची पत्र्याची खोली, तीही त्याची. लिहायला हात जड होतो, पण पडद्यावर माणूस उत्तम आहे. एक दृश्य तर विसरता येत नाही. हवालदार आखाड्यावर येतो, बाजेवर आडवा होतो, वाकळ छातीवर ओढतो. चष्मा काढतो. दुसऱ्या हातानं खिशाचं बटण काढतो, चष्मा आत ठेवतो, बटण लावतो. हे सगळं छताकडे बघत. खिसा बंडीचा असावा, अंधारात नीट दिसत नाही. पण हाताला दिसायची गरजच नाही. अशी सवय कुणी दिग्दर्शक शिकवू शकत नाही. सबंध सिनेमातलं हे एकच वाक्य, ज्यात विशेषण नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

उणिवा.

रात्र खोटी आहे. सगळी रात्र भर दुपारी काढलीय आणि वरून निळा रंग फासलाय. रातकिडे ओरडतायत आणि सावली पायाखाली! निळ्यात सगळे रंग मरतात — हिरवं काळं, लाल काळं, माणसं राखाडी. कल्याणला फोनवर विचारलं. म्हणाला, "रात्रीचं शूटिंग म्हंजे जनरेटर, लाइटा, लई खर्चा, मॅडम." मग रात्रीची गोष्ट सांगू नये.

बाई. सिनेमात एकच, हवालदाराची बायको. बद्रीनाथच्या खऱ्या बायकोला, दैवशालाबाईंनाच उभं केलंय. पाणी आणतात, ताट ठेवतात, दाराला टेकून उभ्या राहतात. तोंडी एक शब्द नाही. त्याबद्दलही विचारलं.

"काकू बोलतच न्हाईत. दोन संवाद दिल्ते, बसले न्हाईत. मंग काढून टाकले."

"बसले नाहीत म्हणजे?"

"काका म्हनले, हिला कशाला बोलायला लावतो."

आणि शेवट. जागल्या खुनी. का? त्याला कारण दिलेलं नाही. गरीब माणसाला खून करायला कारण लागत नाही, असं कल्याणला वाटतं. वाटतंसुद्धा नाही. त्याला ते आपोआप सुचतं.

हे मला सौम्य करून लिहिता येणार नाही. माझा भाऊ जागल्या होता.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रितमबद्दल मी कधी लिहिलं नाही. वहीतसुद्धा नाही.

याच बद्रीनाथच्या, याच बागेत तो जागलीला जायचा. माझं एम.ए. चालू होतं. एका सकाळी तो बागेतल्या विहिरीत सापडला. बद्रीनाथनं ठाण्यात सांगितलं, पोरगं त्या रात्री आखाड्यावर आलंच नाही. येताना वाटेत पाय घसरला असेल. प्यालेलं असेल.

प्रितम पीत नव्हता. आणि कॅनॉलमध्ये पोहायला शिकलेला पोरगा विहिरीत बुडत नाही. कागदावर अपघात लागला.

आईनं तेव्हापासून एकच प्रश्न लावून धरलाय — वाकळ कुठंय? घरून निघताना त्याच्या खांद्यावर तिनं शिवलेली वाकळ होती. ती विहिरीत नव्हती, वाटेवर नव्हती. आईनं साहेबाला विचारलं, सरपंचाला विचारलं, बाजारात भेटेल त्याला विचारलं. आधी लोक हळहळले. मग हसायला लागले. आता आष्टीत न मिळणाऱ्या वस्तूला आईच्या नावानं चांगुणाबाईची वाकळ म्हणतात. रेशनच्या दुकानात मी स्वतः ऐकलंय. "साखर आली का?" "आली की. चांगुणाबाईच्या वाकळीत बांधून ठिवली."

मी आईला परतूरला चल म्हणते. ती म्हणते, "वाकळ घावल्याबिगर न्हाई."

आणि मला राग कुणाचा यायचा? आईचा.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

परीक्षण कल्याणला पाठवलं. छापायच्या आधी त्यानं वाचावं म्हणून.

रविवार, १७ नोव्हेंबर

आष्टीला गेले. स्टँडवर उतरले तर समोर बद्रीनाथ, जीपला टेकून.

"काय मॅडम. आमच्या सिनेमाला नावं ठिवली म्हनं."

"तुमचं काम चांगलं आहे, असंही लिहिलंय."

"काम कसलं? मी तं निस्ता बाजंवर पडलो. रोजच्यावानी." आजूबाजूचे हसले. "निवडणूक झाली का गावात पडदा लावनार हावोत. चांगुणाबाईला आना. पुढची खुर्ची ठिवतो तिला. म्हनावं वाकळ घिऊन ये, थंडी हाय."

पुन्हा हसले. मी चालू पडले. काय बोलायला हवं होतं ते घरी पोचल्यावर सुचलं. तीही शिवीच होती.

आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी बसल्याबसल्या म्हणाले, आई, आता पुरे. बारा वर्षं झाली. एका वाकळीसाठी किती दिवस हसू करून घेणार?

"एक वाकळ?" ती म्हणाली. "माझे दोन हिरवे लुगडे हायेत तिच्यात. अन् त्याचा खाकी सदरा. पोलीस भरतीसाठी शिवल्ता न्हाई का, भरती झाली न्हाई तव्हाचा. कोपऱ्याला त्या सदऱ्याचा खिसा हाय, बटनाचा. बॅटरी ठिवायला पायजे म्हनून मी मुद्दाम काढला न्हवता. तुला काय म्हाईत? तू तव्हा हॉस्टेलात."

मला खरंच माहीत नव्हतं. वाकळ तिनं मी नसताना शिवली. मी ती एकदाच पाहिली होती, दिवाळीच्या सुट्टीत, घडी घातलेली.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान केंद्रावर ड्युटी. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावली. संध्याकाळी कल्याणचा मेसेज — 'मॅडम रात्रीबद्दल तुमचं बराबर आहे. निळा काढून बघतो.'

टीका ऐकणारा विद्यार्थी. थोडं बरं वाटलं.

रविवार, २४ नोव्हेंबर

कल्याणनं आखाड्याच्या दृश्याचा तुकडा पाठवला. निळा रंग काढलेला. 'हे कसं वाटतं?' म्हणून.

दुपारचं ऊन. दारातून बाजेवर पडलेलं. बद्रीनाथ आडवा होतो. वाकळ ओढतो. वाकळ हिरवी आहे.

चष्मा काढतो. हात खिशाकडे जातो. बंडीला खिसाच नाही. खिसा वाकळीच्या कोपऱ्याला आहे. खाकी. बटणाचा.

तुकडा थांबवला. पुन्हा लावला. पुन्हा थांबवला. हात धुऊन आले, कशासाठी ते माहीत नाही.

संध्याकाळ

म्हणजे प्रितम त्या रात्री आखाड्यावर आला होता. वाकळ चालत येत नाही.

या माणसानं ती लपवलीसुद्धा नाही. जाळली नाही, विहिरीत टाकली नाही. पांघरली! इतकी वर्षं पांघरली की हाताला बटण पाठ झालं. आमच्या घरचं पाणी ज्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं, तो आमच्या आईच्या लुगड्यात झोपला. ऊब लागली असेल. आईचे टाके बारीक असतात. आणि एवढं अंगवळणी पडलं की कॅमेऱ्यासमोर झोपतानाही आठवलं नाही, हे आपलं नाही.

आणि मी काय लिहिलं? विशेषण नसलेलं वाक्य. त्या हाताचं मी कौतुक केलं. नक्षीदार, अभ्यासपूर्ण कौतुक. मला स्वतःच्या शिक्षणाचा इतका राग कधी आला नव्हता.

सोमवार, २५ नोव्हेंबर

कल्याणला फोन केला. आवाज साधा ठेवून विचारलं, बाजेवरची वाकळ कुठून आणली?

"आणायची कुठून? आखाड्यावरचीच. बाज, वाकळ, भांडे, सगळं तिथलंच. बाहेरचं आणायला पैसे कुठं व्हते? काका ती बारा महिने घेतेत. का, मॅडम?"

मी सांगितलं. सगळं.

"वाकळी सारख्याच दिसतेत, मॅडम."

"बटणाचा खिसा?"





"मॅडम, एवढा सिनेमा होऊ द्या. फेस्टिवलला पाठवला हाय. काकांनी जमीन विकून पैसा घातला. माझं आयुष्य हाय हे."

"प्रितमचंही होतं."

त्यानं फोन ठेवला. तुकडा मी तीन ठिकाणी साठवून ठेवलाय.

बुधवार, २७ नोव्हेंबर

कल्याणचा मेसेज. 'रात्र निळीच ठेवली. तशीच चांगली दिसते.'

वर्गात तीन वर्षं शिकवूनही त्याला रंगाचा अर्थ कळला नव्हता. आता कळला.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

रजा टाकून आष्टीला. दार लावलं. आईला मोबाइल दिला.

तिनं तो डोळ्यांजवळ धरला. मला वाटलं रडेल, ओरडेल. ती म्हणाली, "लुगड्याचा रंग टिकला." मग अंगठ्यानं काचेवरचा खिसा चोळला. "त्याच्याच जवळ हाय. मला म्हाईत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"प्रितम आखाड्यावर गेल्ता. वाटंत न्हाई पडला. तिथं गेला अन् तिथंच काही झालं."

"मग वाकळ वाकळ काय लावलं होतंस? लोक हसत होते आई. तुला, मला."

"हसू दे की. मी काय वाकळ हुडकत व्हते व्हय? खून झाला म्हनले असते तं दुसऱ्या दिशी मला बी विहिरीत घातलं असतं. तू एकली, शिकून राह्यली. वाकळ म्हनलं का म्हातारी येडी म्हनून सोडून देतेत. म्हनून त्याच्या दारावरून जाताना मोठ्यानं म्हनायचे, माझी वाकळ कुनी पाह्यली का वं. रोज म्हनायचे. तो ऐकायचा. दुसरं कुनी समजून न्हाई घेतलं तरी चालन, त्याला समजत व्हतं."

मी मराठी शिकवते. ओळीमागची ओळ वाचायला शिकवते.

म्हणाले, उद्याच जालन्याला जाऊ, मोठ्या साहेबाकडं, हा तुकडा घेऊन. ती म्हणाली, "जाऊ. आधी सिनेमा पाहू. त्यानं पुढची खुर्ची ठिवली हाय न."

"तिथं निळं आहे आई. काही दिसणार नाही."

"मला दिसन."

सोमवार, २ डिसेंबर

काल संध्याकाळी शाळेच्या मैदानात पडदा लावला. सगळं गाव. आधी सत्कार. आपल्याकडे सत्कार झाल्याशिवाय गुन्हासुद्धा सुरू होत नाही. बद्रीनाथला शाल, नारळ, फेटा. कल्याणला शाल, नारळ. सूत्रसंचालकानं आईचंही नाव घेतलं — "आपल्या गावच्या चांगुणाबाई खास आल्या हायेत". मागून कुणीतरी ओरडलं, "वाकळ आनली का?" गाव हसलं. आई पुढच्या खुर्चीत सरळ बसून होती. कल्याण माझी नजर चुकवत होता.

सिनेमा सुरू झाला. ते दृश्य आलं. निळं. बाज, बद्रीनाथ, चष्मा.

आई उठली. सावकाश पडद्यापाशी गेली. तिच्या पांढऱ्या केसांवर ते निळं पडलं होतं, पाठीवर बद्रीनाथचा हात. तिनं पडद्यावर तळवा ठेवला, बरोबर त्या कोपऱ्यावर.

"हितं खिसा हाय," ती म्हणाली. ओरडली नाही. "खाकी खिसा, बटनाचा. माझ्या प्रितमच्या सदऱ्याचा. वाकळ हिरवी हाय. निळी केली ह्यायनी."

"बस खाली म्हातारे," कुणी म्हणालं. पण एकच जण म्हणाला.

बद्रीनाथ खुर्चीतून म्हणाला, "गावात काय एकच वाकळ हाय का, चांगुणाबाई?"

"मंग आन की. जीप हाय न तुझ्यापशी. जाय आखाड्यावर, घिऊन ये, अन् दाव समद्याला. खिसा नसला तं मी हितंच तुझ्या पाया पडते."

सिनेमा चालूच होता. पडद्यावर तो झोपला होता आणि पुढे खुर्चीत, फेटा बांधलेला, जागा होता. उठला नाही. सगळं मैदान त्याच्या उठण्याची वाट बघत होतं. मी माणसं बघत होते — हसणारी, रेशनच्या दुकानातली, स्टँडवरची. एकही हसलं नाही. बायकांच्या बाजूनं फक्त दैवशालाबाई उठल्या आणि पदर घेऊन निघून गेल्या.

कल्याणनं प्रोजेक्टर बंद केला. मग खरीखुरी रात्र होती, काळी. त्यात एकदम सगळे बोलायला लागले.

माझा राग गेलेला नाही. पण काल पहिल्यांदा तो एकटीचा नव्हता.

मंगळवार, ३ डिसेंबर

जालन्याला निघायला सकाळी पिशवी भरली. दार उघडलं तर ओट्याखाली दैवशालाबाई. पायी आलेल्या, काखेत वाकळ. धुतलेली नाही. कोपऱ्याचा खिसा बटण लावलेला, आत बद्रीनाथच्या चष्म्याचा उंचवटा.

वाकळ घ्यायला मी हात पुढे केला. त्यांनी दिली नाही.

आई आतून आली. वाकळीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्याकडे बघत म्हणाली, "वर ये. बस. बोल."

त्या बसल्या. आणि बोलायला लागल्या.